मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरणारी नसेची वेदना

कमरेतील सरकलेली गादी काढल्यावर किंवा नसेवरचा दाब मोकळा केल्यावरही पायात राहणारी जळजळ, झिणझिण्या, करंट लागल्यासारखी चमक किंवा बधिरपणा. हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की ते जुनाट मानतात. 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' या जुन्या नावाऐवजी २०२१ पासून 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, प्रकार २' असे म्हटले जाऊ लागले.

शस्त्रक्रिया दाब काढते, नस दुरुस्त करत नाही. फार दिवस दबलेल्या नसेचे तंतू आतून खराब झालेले असतात. ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर जवळपास एक मीटर आहे. त्यामुळे सुधारणा महिन्यांत मोजावी लागते. एल-५ (कमरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणाऱ्या) नसेचा त्रास नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागात व अंगठ्यात जाणवतो, एस-१ चा (त्याच्या लगेच खालच्या नसेचा) पोटरी, तळवा आणि करंगळीत.

दुखण्याचा क्रम कारण सुचवतो. काही आठवडे आराम पडून अचानक तीच कळ परत आली, तर गादीचा तुकडा पुन्हा सरकल्याची शंका घ्यावी. आराम मुळीच पडला नसेल, तर उरलेला दाब, चुकीच्या मणक्यावर झालेली शस्त्रक्रिया किंवा मुळातच निकामी होत आलेली नस. काही महिन्यांनी हळूहळू वाढले, तर नसेभोवतीचा व्रण, म्हणजे जखम भरताना आत तयार झालेली घट्ट ऊती. गॅडोलिनियम (शिरेतून दिले जाणारे, चित्रात ऊती उठून दिसाव्यात म्हणूनचे द्रव्य) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये व्रण उजळतो, गादीचा तुकडा बहुधा फक्त कडेने. निव्वळ व्रणासाठी पुन्हा शस्त्रक्रिया सहसा पथ्यावर पडत नाही, कारण नवा व्रण धरतोच. दोन्ही पावलांत मोज्यासारख्या मुंग्या येत असतील, तर कमरेला दोष देण्याआधी साखर आणि बी-१२ तपासावे.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन (सुरुवातीला रात्री १०० ते ३०० मिग्रॅ), प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा रात्री १० मिग्रॅ अमिट्रिप्टिलिन यांपैकी एक औषध डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करून वाढवतात. लोक इथेच चुकतात: चार दिवसांत गुण नाही म्हणून गोळी सोडतात. पुरेशी मात्रा गाठून काही आठवडे गेल्याशिवाय निकाल लावता येत नाही. चक्कर आणि गुंगी सुरुवातीला येते. तोवर गाडी चालवू नये, दारू टाळावी. मूत्रपिंड अधू असेल तर गॅबापेंटिन व प्रीगाबालिनची मात्रा कमी लागते. प्रोस्टेट वाढलेल्यांना अमिट्रिप्टिलिनने लघवी तुंबू शकते. यांपैकी कोणतेही औषध एकदम बंद करू नये. सोबत सर्रास दिले जाणारे मिथाइलकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार) मुख्यतः बी-१२ कमी असणाऱ्यांच्या कामाचे.

चालण्याचा हिशेब दुखण्यावर नव्हे, घड्याळावर ठेवावा. दहा मिनिटांनी कळ येत असेल तर सात मिनिटांवर थांबावे, मग दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटले त्या दिवशी घरभर झाडलोट आणि पुढचे दोन दिवस अंथरूण, हे चक्र नसेला अधिकच चिडवते. नस सरकवण्याचा व्यायाम उताणे झोपून करतात: मांडी दोन्ही हातांनी उभी धरून गुडघा हलका ताण येईपर्यंत सरळ करावा आणि लगेच सोडावा, दहा वेळा. ताण धरून ठेवला की झिणझिण्या वाढतात. बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजलेले कळतही नाही.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा, पाऊल वर उचलता न येणे, ताप किंवा जखमेतून स्राव यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषध व व्यायामाने भागले नाही तर मज्जारज्जू उत्तेजक, म्हणजे मज्जारज्जूजवळ तार घालून सौम्य विद्युत्प्रवाह देणारे यंत्र, हा पर्याय उरतो. १९६७ मध्ये तो माणसावर प्रथम वापरला गेला. आधी काही दिवस तात्पुरती तार घालून चाचणी घेतात आणि वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच कायमचे यंत्र बसवतात. ते पायातल्या दुखण्यावर कमरेपेक्षा बरे चालते, बधिरपणा मात्र घालवत नाही.