गेल्सबर्ग : आधी कॉलेज, मग गाव, मग बाकीचे सगळे

आकाशपाळण्यावाला फेरिस, कवी कार्ल सँडबर्ग आणि चित्रकार डोरोथिया टॅनिंग, तिघंही जन्मली एकाच गावात. गेल्सबर्ग, राज्य इलिनॉय, शिकागोपासून रेल्वेने साधारण अडीचशे किलोमीटर. वस्ती आज ३० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव धरा. वर अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी ती प्रसिद्ध बिकरडाइक बाई तिथली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन लहानपणी थोडा काळ तिथल्या शाळेत होते, आणि मार्क्स ब्रदर्स या विनोदी नट भावांची ती ग्रुचो-हार्पो नावंही तिथेच पडली. अशी यादी पाहिली की आपण पटकन म्हणतो, त्या पाण्याचाच गुण. पण इथे पाण्याबिण्याचं काही नाही हो, सगळी गोम एका जमिनीच्या व्यवहारात आहे आणि त्यानंतर आलेल्या रेल्वेत.

तर १८३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज वॉशिंग्टन गेल नावाचे एक प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) पाद्री होते. त्यांना पश्चिमेला कॉलेज काढायचं होतं पण पैसे कुठून आणायचे, तर त्यांनी हिशोब असा मांडला की सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने मिळते, आपल्यातल्याच लोकांनी वर्गणी काढून ती एकगठ्ठा घ्यायची, मग तिथे राहायला येणाऱ्या आपल्याच कुटुंबांना सरासरी ५ डॉलर एकराने विकायची आणि मधला सगळा फायदा कॉलेजच्या खात्यात टाकायचा. आजच्या भाषेत प्लॉटिंगच, फक्त नफा बिल्डरच्या खिशात न जाता शाळेत गेला. १८३६ मध्ये पहिली कुटुंबं आली, लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपट्यांत पहिला हिवाळा काढला, आणि १८३७ मध्ये कॉलेजला सनद मिळाली, तेव्हा गाव अजून नीट वसलंही नव्हतं. कॉलेजचं नाव नॉक्स मॅन्युअल लेबर कॉलेज, म्हणजे मुलांनी शेतात काम करायचं आणि त्यातून शिकायचं. आपल्याकडे नंतर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' केलं ना, साधारण त्याच जातीचा विचार. तो प्रकार तिथे फार टिकला नाही, नावातलं मॅन्युअल लेबरही १८५७ मध्ये गेलं आणि नुसतं नॉक्स कॉलेज उरलं.

ही सगळी मंडळी धार्मिक, कडक, आणि मुख्य म्हणजे गुलामगिरीच्या कट्टर विरोधातली. १८३७ मध्येच गावात गुलामगिरीविरोधी सोसायटी निघाली, दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोचवायचं काम गावात चालायचं. हायरम रेव्हेल्स, जे १८७० मध्ये अमेरिकन सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, ते या नॉक्समध्ये शिकलेले. म्हणजे गावाची ओळख रेल्वे यायच्या आधीच पक्की झालेली होती.

गेल यांच्याबरोबरच्या लोकांत सिल्व्हेनस फेरिस नावाचे चीजचे व्यापारी होते, पैशाची बाजू पुष्कळशी त्यांनी सांभाळली. त्यांचा मुलगा ऑल्मस्टेड याने इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियासमोर मक्याच्या लाह्या फोडून दाखवल्या असं गावात सांगतात, खरंखोटं देव जाणे पण किस्सा सोडवत नाही. याच घरात १४ फेब्रुवारी १८५९ ला सिल्व्हेनस यांना नातू झाला, त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस ज्युनियर. नाव बघा, अख्खा पाद्री नावात घातलाय. पण गंमत अशी की हा पोरगा जेमतेम पाच वर्षांचा असताना १८६४ मध्ये घर नेव्हाडाला हललं, म्हणजे 'गेल्सबर्गचा सुपुत्र' वगैरे जे म्हणतात त्यात गावाचा हात पाळण्यापुरताच (हा पाळणा लहान). इंजिनियरिंग शिकला न्यूयॉर्क राज्यात, पोलादी पुलांच्या धंद्यात पडला, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याने ते चाक उभं केलं. पॅरिसच्या आयफेल टॉवरला उत्तर हवं होतं प्रदर्शनवाल्यांना. २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, म्हणजे भरलं की दोन हजारांवर लोक एकाच वेळी हवेत. तिकीट ५० सेंट. नुसता मधला आस ४० टनांच्या घरातला! त्याआधी लाकडी फिरते पाळणे नव्हते असं नाही, आशियात आणि युरोपात जत्रांमध्ये हाताने फिरवायचे पाळणे कितीतरी जुने आहेत, त्यामुळे फेरिसने पाळणा 'शोधला' हे बरोबर नाही, त्याने तो पोलादात नेला आणि एवढा मोठा केला की नाव त्याचंच पडलं. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले होते, म्हणजे भाषण आपल्याला तोंडपाठ आणि चाक कुणाचं ते माहीत नाही. फेरिसच्या वाट्याला मात्र फार सुख आलं नाही, पैशावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १८९६ मध्ये पिट्सबर्गला टायफॉइडने गेला, वय ३७. चाक पुढे सेंट लुईसला नेलं आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं.

आता रेल्वे. डिसेंबर १८५४ मध्ये गेल्सबर्गला गाडी आली, आणि ती आपोआप नाही आली, लाइन दुसरीकडून जायची चिन्हं होती तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून ती ओढून आणली. त्यानंतर गाव बदललंच. वर्कशॉप आलं, यार्ड आलं, कामाला माणसं आली, त्यात स्वीडिश खूप, कारण जवळच बिशप हिलला १८४६ पासून स्वीडिश लोकांची वसाहत होती, एकाने दुसऱ्याला बोलवायचं असं चाललेलं.

रेल्वे आली म्हणून गर्दीही येऊ शकली. ७ ऑक्टोबर १८५८, सिनेटच्या जागेसाठी लिंकन विरुद्ध डग्लस, गुलामगिरीवरून झालेल्या सात वादसभांपैकी पाचवी, नॉक्सच्या ओल्ड मेन इमारतीच्या भिंतीला टेकवून मंडप घातलेला. थंडी, सोसाट्याचा वारा, तरी १० हजारांच्या वर माणसं. मंडपाने दार अडलेलं म्हणून लिंकन इमारतीत शिरून खिडकीतून बाहेर मंचावर आले आणि म्हणाले म्हणे, चला, एकदाचा मी कॉलेजातून पार झालो! (लिंकन कॉलेजात कधीच गेले नव्हते.) पुढे १८६० मध्ये त्याच कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, त्यांची पहिलीच.

आणि सभेनंतर तीन वर्षांत यादवी युद्ध. १८६१ मध्ये रविवारी चर्चमध्ये पाद्री एडवर्ड बीचर यांनी एक पत्र वाचून दाखवलं, छावणीत गावची पोरं घाणीत पडलीत, जखमेपेक्षा रोगानेच मरतायत. लोकांनी तिथल्या तिथे ५०० डॉलरचं सामान जमवलं, आणि ते घेऊन जायचं कुणी, तर मेरी अ‍ॅन बिकरडाइक. जडीबुटीची औषधं देणारी विधवा, पदरात मुलं. ती गेली आणि युद्ध संपेपर्यंत परत आलीच नाही म्हणा ना, १९ लढायांत जखमींची व्यवस्था बघितली, पिंपात अंघोळी घाल, कपडे उकळ, दारुड्या डॉक्टरांना हाकल. कुणाच्या हुकमाने करतेस असं एका डॉक्टरने विचारलं तर 'देवाच्या, तुझ्याकडे त्याच्या वरचा कुणी आहे का' असं म्हणाली असं सांगतात. सैनिक तिला मदर म्हणायचे. कोर्टासमोर तिचा पुतळा १९०६ पासून उभा आहे. माझ्या मते या सगळ्या यादीत गावाचं खरं माणूस हीच, आणि जन्म विचाराल तर ओहायोचा.

सँडबर्गची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ६ जानेवारी १८७८, तीन खोल्यांचं घर, रेल्वेलाइनीला लागून. बाप स्वीडिश, रेल्वेच्या लोहारशाळेत मदतनीस, मूळ आडनाव जॉन्सन, पण त्या नावाचे इतके जण होते की पगारात घोळ व्हायचा म्हणून म्हणे सँडबर्ग केलं. मुलाची शाळा आठवीनंतर सुटली. मग दुधाची गाडी, न्हाव्याच्या दुकानात झाडलोट, बूटपॉलिश, एकदा तर मालगाडीत चढून पश्चिमेकडे भटकून आला. तर हा पोरगा कामावर जाता-येता त्या ओल्ड मेनवरून जायचा, भिंतीवर तेव्हा नवीन ब्राँझची पाटी लावलेली, तिच्यावर लिंकनचं त्या सभेतलं वाक्य, गुलामगिरीचं समर्थन करणारा माणूस आपल्याभोवतीचे नीतीचे दिवे विझवतोय अशा अर्थाचं. हिवाळ्यातल्या पहाटे, उन्हात, बर्फात, पावसात, तो ती पाटी वाचायचा, त्यानेच लिहून ठेवलंय. त्या पोराने पुढे लिंकनचं सहा खंडांचं चरित्र लिहिलं आणि त्यातल्या युद्धकाळाच्या भागाला १९४० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, कवितेची दोन वेगळी. शिकला मात्र नॉक्समध्ये नाही, गावातल्याच दुसऱ्या लोम्बार्ड कॉलेजात, तेही डिग्री न घेता, आणि ते कॉलेज १९३० मध्ये बंदही पडलं.

मार्क्स ब्रदर्सचं थोडक्यात. नाटक कंपन्या रेल्वेने गावोगाव फिरायच्या, १९१४ मध्ये ते भाऊ खेळ लावायला गेल्सबर्गला आले, पत्ते कुटत बसले होते आणि आर्ट फिशर नावाच्या कलाकाराने पत्ते वाटता वाटता एकेकाला नाव ठेवलं, ग्रुचो, हार्पो, चिको, गमो. खेळ झाला, गाडी धरून गेले पुढच्या गावी.

डोरोथिया टॅनिंग, जन्म १९१०, हीसुद्धा स्वीडिश घरातली. गावच्या लायब्ररीत नोकरी केली, नॉक्समध्ये दोन वर्षं काढली आणि सटकली, आधी शिकागो मग न्यूयॉर्क, १९४६ मध्ये चित्रकार माक्स अर्न्स्टशी लग्न, पुढे बरीच वर्षं फ्रान्स. गावाबद्दल ती म्हणायची की तिथे वॉलपेपरशिवाय काही घडतच नाही. यात गावाची बदनामी आहे खरी, पण तिची चित्रं पहा, बंद दारांचे लांब बोळ, भिंतीवरचा कागद टराटरा फाडणाऱ्या लहान मुली. १०१ वर्षं जगली, २०१२ मध्ये गेली.

अलीकडे गेल्सबर्गचं नाव बातम्यांत आलं ते माणसांमुळे नाही. मेटॅग कंपनीचा फ्रिजचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला, काम मेक्सिकोला गेलं, दीड हजारावर लोकांची नोकरी गेली. त्याच वर्षी ओबामांनी ज्या भाषणाने देशभर नाव कमावलं त्यात या कामगारांचा उल्लेख होता. कारखाना गेला, रेल्वेचं यार्ड मात्र अजून चालू आहे.

सँडबर्ग १९६७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात वारला. अस्थी गेल्सबर्गला आणल्या आणि त्या तीन खोल्यांच्या घरामागे, परसात, एका मोठ्या दगडाखाली ठेवल्या.