घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र: कोणाला लागते, अर्ज कसा करायचा, कागदपत्रे कोणती

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात चोरून रासायनिक कचरा सोडला जात होता. विषारी वायू पसरला आणि जवळच्या कारखान्यातले सहा कामगार दगावले. असा कचरा कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकातूनच बाहेर पडलेला असतो. त्याला अडवायचे तर तिथेच, आणि त्यासाठीची कागदोपत्री व्यवस्था कायद्याने केलेली आहे. ती नीट पाळणारे उद्योजक वाढावेत, म्हणून महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम उद्योगांसाठी ही माहिती.

केंद्राच्या २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार असा कचरा निर्माण करणाऱ्या, साठवणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ‘आमचा काही केमिकलचा कारखाना नाही’ असे अनेकांना वाटते. पण मशीनमधून काढलेले जुने ऑइल, सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ, रसायनाचे रिकामे ड्रम हे सगळे नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जागा भाड्याची असली तरी जबाबदारी कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच. जल व वायू कायद्यांखाली ज्यांना मंडळाचे संमतीपत्रच (उद्योग उभारण्याची आणि चालवण्याची परवानगी) लागत नाही, त्या उद्योगांना २०१९ च्या दुरुस्तीने प्राधिकारपत्रातून सूट मिळाली. मात्र कचरा अधिकृत संस्थेकडेच द्यायचा, ही अट त्यांनाही आहे. दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा आणि रोजचा नागरी कचरा यांचे नियम वेगळे आहेत.

अर्ज नमुना १ मध्ये करायचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीपत्र आणि प्राधिकारपत्र यांचा एकत्रित अर्ज ऑनलाइन भरता येतो. सोबत उद्योग उभारणीचे आणि तो चालवण्याचे संमतीपत्र लागते. नूतनीकरण असेल तर आधीच्या अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवालही. याशिवाय उत्पादन प्रक्रियेचा आराखडा, कच्च्या मालाचा आणि कचऱ्याचा ताळेबंद, साठवणुकीची व्यवस्था, आणीबाणीत काय कराल याची माहिती आणि सामायिक विल्हेवाट केंद्राचे (अनेक कारखान्यांचा कचरा घेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राचे) सदस्यत्व किंवा करारपत्र तयार ठेवा. भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला संमतीच्या शुल्कासाठी लागतोच.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे कचऱ्याचा प्रकार आणि वर्षाचे प्रमाण. वापरलेले ऑइल ५.१, दूषित रिकामे ड्रम ३३.१, सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३ असे अनुसूचीतले क्रमांक अचूक लिहा. आकडा चांगला दिसावा म्हणून प्रमाण कमी दाखवू नका. मंजुरीपेक्षा जास्त कचरा साचला की तो रीतसर पाठवायची वाट बंद होते, आणि मग रात्रीच्या गाडीचा मोह सुरू होतो. उत्पादन वाढणार असेल तर तो अंदाज धरूनच आकडा द्या.

मंडळाने चौकशी करून १२० दिवसांत प्राधिकारपत्र द्यावे, असे नियम सांगतो. ते पाच वर्षांसाठी असते आणि सोबत स्थळपाहणीच्या अहवालाची प्रत येते.

कचरा आवारात ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान उद्योगांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. प्रत्येक ड्रमवर नमुना ८ चे लेबल हवे: चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, पावसात न पुसले जाणारे.

आता मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रत्येक खेपेसोबत जाणारा पाठवणीचा कागद, नमुना १०. यात सात रंगांच्या सात प्रती असतात. सातही प्रतींवर सही करून पांढरी मंडळाकडे पाठवायची. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. कचरा पोहोचला की घेणारा गुलाबी प्रत ठेवतो, नारिंगी वाहतूकदाराला देतो, हिरवी मंडळाला पाठवतो आणि निळी तुम्हाला. करडी प्रत पाठवणारा परराज्यातला असेल तेव्हा त्याच्या राज्याच्या मंडळाकडे जाते. ऑनलाइन भरतानाही प्रत्येक टप्प्याची नोंद तपासा.

यातली निळी प्रत फार मोलाची, कारण कचरा ठरल्या जागी पोहोचल्याचा तुमच्या हातातला पुरावा तोच. गाडी गेली, बिल आले, पण निळी प्रत आली नाही, तर लगेच विचारणा करा. पुढची खेप तोवर थांबवा. घेणाऱ्याच्या प्राधिकारपत्राची मुदत संपलेली नाही ना आणि त्यात तुमच्या कचऱ्याचा क्रमांक आहे ना, हे सदस्यत्व घेतानाच पाहा. वाहतुकीची परवानगीही पाठवणारा किंवा घेणारा यांपैकी एकाकडे असावीच लागते. गाडीच्या ड्रायव्हरला नमुना ९ मधली आणीबाणीची माहिती द्या.

रिकामे ड्रम भंगारवाल्याला देण्याची सवय तर आजच सोडा. तो ते मागच्या गटारावर धुतो, तळाशी उरलेले रसायन जमिनीत मुरते, आणि धुतलेल्या ड्रममध्ये कोणीतरी पिण्याचे पाणी भरून ठेवतो. हे ड्रम आणि वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यायचे.

कचऱ्याच्या चुकीच्या हाताळणीने पर्यावरणाचे किंवा कोणाचेही नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी नियम तुमच्यावर टाकतात. पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून दंड किमान दहा हजार आणि कमाल पंधरा लाख रुपये आहे. आवारात किंवा वाटेत अपघात झालाच तर मंडळाला तात्काळ कळवून नमुना ११ मध्ये अहवाल द्यावा लागतो.

रोजची नोंद नमुना ३ च्या वहीत करत राहा. त्यावरून नमुना ४ चे वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत मंडळाकडे भरायचे असते. भरण्याआधी वहीतले टन आणि मॅनिफेस्टवरचे टन जुळवून पाहा.