फड्या निवडुंग आपला नाही

‘निवडुंग वाळवंटातला, म्हणजे जिथे वाळवंट तिथे तो मूळचाच,’ हे शाळेपासून ऐकत आलोय. ते खरं नाही. कॅक्टस कुळात सुमारे 1,500 ते 1,800 जाती आहेत आणि एक सोडून सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अपवाद म्हणजे ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा. ती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही आढळते, आणि गंमत म्हणजे वाळवंटात नाही, तर झाडांच्या फांद्यांवर लोंबत वाढते! तिची चिकट फळं खाणाऱ्या पक्ष्यांनी बिया समुद्रापार नेल्या असाव्यात.

हे कूळ साधारण 3 ते 3.5 कोटी वर्षांपूर्वीचं मानतात. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका त्याच्या कितीतरी आधीच विलग झाले होते, म्हणजे ते जमिनीवरून आफ्रिकेत पसरलं नसणार.

मग आपल्या माळरानावरचा फड्या निवडुंग? तो माणसांनी आणलेला. किरमिजी रंग देणारे कोचिनील किडे याच्यावर पोसतात. 1795 मध्ये त्यांच्याऐवजी चुकून भलतेच किडे भारतात आले. रंग काही धड मिळाला नाही, उलट त्यांनी फड्या निवडुंगाची एक जातच फस्त केली.

त्रिधारी निवडुंग मात्र खरोखर इथला, पण तो कॅक्टस नाही. तो एरंडाच्या कुळातला. दोघांत नाव तेवढं सामाईक. ओळखायचं असेल तर काटे बघा: त्रिधारीचे जोडीजोडीने येतात, फड्याचे बारीक उशीसारख्या ठिपक्यांतून. त्रिधारी मोडला की पांढरा चीक येतो, फड्यातून येत नाही. पण मोडून बघू नका, तो चीक डोळ्यांना फार घातक असतो.