सर्व्हरची तात्पुरती ॲडमिन परवानगी: काढून कधी घेणार?

आमच्या लिनक्स सर्व्हर ग्राहकांसाठी

हंगाम सुरू झाला की कळंगुटच्या हॉटेलांपासून फोंड्याच्या दुकानांपर्यंत सगळीकडून एकच मागणी येते: "नवा मुलगा ठेवलाय, बिलिंग अडकलं तर तोच बघेल, त्याला जरा ॲडमिन करून द्या." आम्ही करून देतो. हंगाम सरतो, मुलगा दुसरीकडे लागतो, पण "आता काढून टाका" असं सांगणारा फोन क्वचितच येतो. म्हणून हे पत्रक.

सुडो, म्हणजे "हे काम ॲडमिनच्या अधिकाराने कर" असं सांगणारा शब्द, लावून एखादी कमांड दिली की सर्व्हर पासवर्ड विचारतो आणि मग काही वेळ विचारत नाही. आम्ही बसवतो त्या उबुंटू 22.04 आणि 24.04 या लिनक्स आवृत्त्यांवर ही सवलत 15 मिनिटांची आहे, आणि दर वापरागणिक ती नव्याने मोजली जाते. ती त्या एका टर्मिनलपुरतीच (कमांड टाइप करायच्या खिडकीपुरतीच) असते, तरी काउंटरवर खिडकी उघडी टाकून चहाला गेलात तर मागून बसेल तो ॲडमिन. उठण्यापूर्वी "सुडो -के" द्या (के लहान लिपीतला). सवलत तिथेच संपते.

"सुडो -आय" चं प्रकरण वेगळं. त्याने थेट रूट शेल, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या ॲडमिनची कमांड-खिडकी, उघडतं आणि "एक्झिट" म्हणेपर्यंत उघडंच राहतं. तिथे 15 मिनिटांचा हिशेब नाही आणि "सुडो -के" चाही उपयोग नाही. ओळीच्या टोकाला डॉलरऐवजी हॅश (#) दिसला की समजा, तुम्ही आत आहात. शिवाय ऑथ लॉगमध्ये (लॉग-इन आणि सुडोच्या नोंदवहीत) शेल उघडल्याची नोंद होते, आत काय केलं त्याची होत नाही. त्यामुळे शक्यतो एकेक कमांड सुडोने चालवा.

सगळ्यात बेफिकिरीने दिली जाते ती सुडो ग्रुपची, म्हणजे सुडो वापरायची मुभा असलेल्यांच्या गटाची, मेंबरशिप. तिला मुदतच नसते. आणि ग्रुपमधून नाव काढलं तरी माणूस त्या वेळी लॉग-इन असेल, तर चालू सेशनमध्ये त्याचा अधिकार टिकतो. त्याला लॉग-आउट करावंच लागतं.

यावर आमचा मार्ग असा: ग्रुप नको, सुडोअर्स-डी (सुडोचे नियम ठेवायच्या) फोल्डरमध्ये त्या माणसाची वेगळी फाइल. तिच्यात एकच काम, समजा बिलिंग सर्व्हिस रीस्टार्ट करणं, आणि "नॉटआफ्टर" लावून शेवटची तारीख. 31 ऑक्टोबर 2026 संध्याकाळी 6 साठी 20261031180000 लिहायचं. शेवटी झेड जोडलात तर ती जागतिक वेळ धरली जाते आणि परवानगी आपल्या रात्री साडेअकरापर्यंत चालते. मुदत तपासली जाते ती कमांड सुरू होताना. आधीच उघडलेलं रूट शेल त्याने बंद होत नाही, म्हणूनच परवानगी एका कामापुरती ठेवायची. फाइल व्हिसुडोनेच (सुडोच्या नियमांच्या फाइल बदलायच्या प्रोग्रामनेच) उघडा, चुकीची ओळ सेव्ह करण्याआधी ते अडवतं. फाइलच्या नावात टिंब नको: "31.10.2026" नावाची फाइल सुडो वाचतच नाही, तेही काही न बोलता.

"पासवर्ड विचारू नये असं करा" ही विनंती आम्ही माणसांच्या खात्यांसाठी मान्य करत नाही. चिडलात तरी चालेल.

परवानगी हवी असेल तेव्हा व्हॉट्सॲपवर माणसाचं नाव, नेमकं काम आणि शेवटची तारीख कळवा. तारीख नसेल तर आम्ही 7 दिवसांची घालू.