राक्षस बदलत नाही, सुधाकर बदलतो: गोव्याच्या उत्सवी रंगमंचामागची पार्श्वभूमी

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी काला, म्हणजे पुराणकथांवरचं लोकनाट्य, होतो. त्याच देवळाच्या उत्सवात, आणखी एखाद्या रात्री, गावचे हौशी नट राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ करतात. प्रेक्षक तेच, पेटीवालाही पुष्कळदा तोच. पण काल्यातला राक्षस मरेपर्यंत राक्षसच राहतो आणि ‘एकच प्याला’तला दारूत बुडणारा सुधाकर मात्र आपल्या डोळ्यांदेखत पायरी पायरीने उतरत जातो. पात्र घडवण्याच्या या दोन रीती एकाच फळ्यांवर नांदतात, आणि हौशी मंडळींच्या बऱ्याचशा चुका त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात.

जुनी रीत पुराणाची. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली भागवताच्या दशम स्कंधावरून ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचायला घेतली. त्या कथेतला कंस आकाशवाणी ऐकून घाबरतो, पण आपण करतो ते योग्य की अयोग्य हा प्रश्न त्याला पडत नाही. पुराणात बदल बाहेरून येतो: वराने, शापाने, नाहीतर देवाच्या हातून मरण येऊन उद्धार होतो म्हणून. वाल्याचा वाल्मीकी झाला हे आपण सहज म्हणतो. पापात वाटा घ्यायला घरची माणसं नकार देतात, वाल्या जपाला बसतो, वारूळ चढतं आणि थेट ऋषीच बाहेर येतो. वारुळाच्या आत काय चाललं होतं ते कथा सांगत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते विचारावंसं वाटत नाही.

ते ‘आत’ मराठी ओवीत उतरलं ते गोव्यातच, आणि तेही जेझुइट पाद्र्यांच्या हातून. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. ३६ अवस्वरांचं (म्हणजे सर्गांचं) पहिलं पुराण, ५९ अवस्वरांचं दुसरं, ओव्या सुमारे अकरा हजार. पुढे एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याने संत पेद्रूच्या (येशूचा शिष्य पीटर) चरित्रावर तसंच मोठं मराठी पुराण रचलं. त्याची छपाई १६२९ साली सुरू झाली. पेद्रूची गोष्ट या विषयासाठी फार सोयीची आहे. ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असं तो एका रात्रीत तीनदा म्हणतो, कोंबडा आरवतो, आणि तो बाहेर जाऊन रडतो. त्याच रात्री गुरूला पकडून देणारा जुदासही पुढे पस्तावतो, पण तो गळफास घेतो. गुन्हे जवळजवळ सारखे, पश्चात्ताप दोघांनाही, आणि शेवट मात्र दोन टोकांचे. फरक पडतो तो निव्वळ मनात. या पुराणांपासून सुधाकरापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मात्र टाळावा. १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलं, ती वाट आणखी अरुंद झाली, आणि नाटकवाले पुढे आले ते दुसऱ्याच रस्त्याने.

काल्याची घडण बघितली की पुराणाची रीत रंगमंचावर कशी चालते ते कळतं. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुराची गंमत. मग आख्यान, आणि पहाटे दहीहंडी. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं, बोलणं नट जागच्या जागी रचतो. अशा वेळी पात्र पक्कं असावंच लागतं. राजाने राजासारखंच बोलायचं आणि राक्षसाने आरोळी देतच यायचं, म्हणजे समोरच्या नटाला पुढचं वाक्य सुचतं. राक्षस मध्येच विचारात पडला तर समोरचा अडकलाच. म्हणून तिथे मन न बदलणं ही उणीव नव्हे, सोय आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेही याच जातीचं: सूत्रधार पदं म्हणणार आणि पात्रं आयत्या वेळी बोलणार.

बदल झाला तो लिखित संवादाने, आणि त्यातही स्वगताने. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. १८८३ साली आगरकरांचं ‘विकारविलसित’ आलं, म्हणजे ‘हॅम्लेट’. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. एकटा माणूस रंगमंचावर उभा राहून स्वतःशीच वाद घालतो, ही गोष्ट तिथून मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडू लागली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) ती इतिहासात शिरली: गादीचा लोभ आणि पुतण्याची माया यांच्यामध्ये हेलकावणारा राघोबा, आणि समोर न हेलकावणारा रामशास्त्री.

‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं १९१९ साली, गडकरी वारल्यानंतर. त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची, आणि सुधाकराच्या बायकोची, सिंधूची, भूमिका बालगंधर्वांची. या नाटकाला दारूबंदीचं नाटक समजणं ही पहिली चूक, आणि गोव्यात ती लगेच अंगाशी येते. काजूच्या हंगामात हुर्राक आणि वर्षभर फेणी पाहिलेल्या गावाला ‘दारू वाईट’ हे तीन तास ऐकवलं तर मागच्या रांगा चहाला उठतात. सुधाकराचा रोग दारूआधीचा आहे. तो हुशार वकील आहे आणि आपली हुशारी त्याला फार ठाऊक आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, काही काळासाठी वकिलीची सनद जाते, आणि तो अपमान विसरायला म्हणून दारुडा तळीराम पहिला प्याला पुढे करतो. मधे तो दारू सोडतोही. सिंधूचं घर क्षणभर उजळतं. मग तो काम मागायला बाहेर पडतो, लोक झिडकारतात, आणि तोच जुना मान दुखावला जाऊन तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पोराचा जीव जातो, सिंधू मरता मरता नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, आणि शेवटच्या प्याल्यात तो विष घेतो.

गोव्यात हे सगळं रुजायला काळही अनुकूल होता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरचे धार्मिक निर्बंध सैल झाले, उत्सवांना बळ आलं. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९१८ साली बळवंत संगीत मंडळीच्या स्थापनेत होते आणि गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ त्यांनीच गाजवलं. गावोगावच्या तालमींना आदर्श घरचाच मिळाला.

आता कात्रीबद्दल. मूळ पाच अंकी नाटक रात्रभराच्या हिशेबाने लिहिलेलं; आज उत्सवात तीन तास मिळाले तरी पुष्कळ. कात्री सहसा पडते ती दारू सोडल्यानंतरच्या भागावर, कारण त्यात ना हशा ना टाळीचं पद. तो भाग गेला की सुधाकर एकदाच घसरतो आणि घसरतच जातो. मग प्रेक्षकाला त्याचा राग येतो, कीव येत नाही. कापायचंच असेल तर दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशातली पुनरुक्ती कापावी, आणि सिंधूच्या पदांतल्या आलापांना वेळ बांधून द्यावी. तळीरामाला टाळ्या मिळतात म्हणून त्याचं काम वाढवलं तर नाटक त्याच्या मागे जातं.

दुसरा घोटाळा आवाजाचा. काल्यात मुरलेला नट स्वगतही आरोळीने म्हणतो, कारण शेवटच्या माणसापर्यंत पोचायची त्याला सवय आहे. वर टांगलेले माईक असतील तर स्वगताची जागा माईकखाली, पुढच्या बाजूला, आधीच ठरवून ठेवावी आणि तिथला पंखा बंद करावा. मग हळू बोललेलंही ऐकू जातं. तिसरा घोटाळा चालीचा: पुष्कळ सुधाकर पहिल्याच प्रवेशात खांदे पाडून येतात. पहिला अंक ताठ मानेने आणि स्वच्छ उच्चारांनी झाला पाहिजे. झोकांड्या दुसऱ्या घसरणीसाठी राखून ठेवाव्यात, आणि शेवटच्या प्रवेशात त्याही नकोत. तिथे तो शुद्धीवर असतो. प्याल्यात कोरा चहा असतो हे सगळ्या गावाला माहीत असतं; तरी तो ओतताना पेटी थांबवली, तर मांडवात कोणी खोकतसुद्धा नाही.