जुना सीबी सेट दहा मीटरवर आणताय? आधी लायसन्स कुठलं ते बघा

गराज सेलमध्ये वीस डॉलरला जुना सीबी सेट, म्हणजे बिनलायसन्स वापरता येणाऱ्या सिटिझन्स बँडचा रेडिओ मिळतो. माणूस खूश होऊन हौशी रेडिओच्या पहिल्या लायसन्सची, टेक्निशियनची परीक्षा देतो, पास होतो आणि महिन्याभराने मला फोन करतो, "काका, सेट दहा मीटरवर आणला. आता बोलू ना?" मी हौशी रेडिओच्या परीक्षांना स्वयंसेवक परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे असे फोन ठरलेले. बहुतेकांना "थांबा" म्हणावं लागतं, आणि ते ऐकून समोरच्याचा आवाज उतरतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. खालचं सगळं अमेरिकेपुरतं आहे, भारतातले नियम वेगळे.

आधी मुख्य गोची. अमेरिकेतला सीबी म्हणजे 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झ, चाळीस चॅनेल. 1977 च्या आधीचा सेट असेल तर तेवीसच. हौशींचा दहा मीटर बँड 28.000 पासून 29.700 पर्यंत. साध्या एएम सेटमध्ये लोक सगळे चॅनेल सरळ दोन मेगाहर्ट्झ वर ढकलतात. त्याने चॅनेल 1 येतो 28.965 वर आणि चॅनेल 40 येतो 29.405 वर. एएमवाली मंडळी 29.000 ते 29.200 च्या दरम्यान भेटतात, म्हणजे चॅनेल 4 ते 19 अगदी तिथेच बसतात. हिशोब झकास आहे. फक्त टेक्निशियनला या बँडवर आवाजाने बोलायची मुभा 28.300 ते 28.500 एवढीच, आणि तीही एसएसबीवर, म्हणजे एएमच्या लहरीची फक्त एक बाजू पाठवायच्या पद्धतीवर. तुमच्या सेटचा एकही चॅनेल त्यात येत नाही आणि एएम तर मुळातच चालत नाही. या सेटसाठी त्याच्या वरचं, जनरल लायसन्स हवं.

सेट एसएसबीचा असेल तर गोष्ट वेगळी. तो 28.300 च्या पुढे आणला तर टेक्निशियनचं काम भागतं. पण चाळीस चॅनेलचा पसारा 440 किलोहर्ट्झचा आणि तुमची हद्द 200 ची. अर्ध्याहून जास्त चॅनेल कुंपणाबाहेर जातात. नॉब फिरवताना भान तुम्हालाच ठेवायचंय, सेट काही अडवणार नाही.

तेव्हा अभ्यास करतानाच दोन्हींचा करा. टेक्निशियन आणि जनरल, दोन्ही पेपर 35 प्रश्नांचे, 26 बरोबर आले की पास. पहिला सुटला तर दुसरा त्याच बैठकीत देता येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मोर्स कोड 2007 पासून नाही. प्रश्नसंच दर चार वर्षांनी 1 जुलैला बदलतो, टेक्निशियनचा एका वर्षी, जनरलचा दुसऱ्या. मित्राने दिलेल्या पुस्तकावरची वर्षं बघून घ्या. जुना संच पाठ करून आलेला, घाम पुसत बसलेला माणूस बघवत नाही.

पात्रतेबद्दल उगाच भीती असते. नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही, वयाची अट नाही. एच-1बी, एच-4, एफ-1 सगळे चालतात. परक्या सरकारचे प्रतिनिधी तेवढे चालत नाहीत. टपाल पोचेल असा अमेरिकेतला पत्ता मात्र हवाच. तो पत्ता एफसीसीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी आयोगाच्या यादीत जगजाहीर दिसतो, म्हणून घरचा द्यायचा नसेल तर आधीच पोस्ट बॉक्स घ्या.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती एफआरएनपाशी. हा एफसीसीचा नोंदणी क्रमांक. तो परीक्षेच्या आधी घरी बसून काढायचा, फुकट मिळतो. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात आणि एच-4 वर आलेल्या वहिनी तिथेच लॅपटॉप मिटतात. मिटू नका. नंबर नसल्याचं कारण निवडायची सोय त्याच पानावर आहे, फक्त ती शोधावी लागते. एफआरएन न काढता हॉलवर आलात तर तुमचा अर्ज पुढे जात नाही, आणि पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर तो काढायचा म्हणजे काय, हे मी बरेचदा पाहिलंय.

दुसरा घोळ आपल्या नावांचा. पासपोर्टवर नावात वडिलांचं नाव घुसलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते मधलं नाव झालेलं, आणि एफआरएन काढताना घाईत गाळलेलं. तिन्हीकडे तीन माणसं. जे ओळखपत्र हॉलवर दाखवणार आहात, त्यावर जसं आहे तसंच नाव एफआरएनला आणि अर्जाला द्या.

लायसन्सच्या अर्जात एक प्रश्न असतो, फेलनीसाठी, म्हणजे गंभीर गुन्ह्यासाठी, दोषी ठरला आहात का. वेगात गाडी चालवल्याची दंडपावती म्हणजे फेलनी नव्हे. एका सज्जन गृहस्थांनी प्रामाणिकपणे "हो"वर खूण केली होती. "हो" म्हटलं की 14 दिवसांत लेखी खुलासा द्यावा लागतो.

आता मुदत. पास झाल्यावर तुमचा अर्ज परीक्षा घेणारी संस्था पाठवते, आणि मग एफसीसीकडून पैसे भरायची ईमेल येते. फी 35 डॉलर, मुदत दहा दिवस. हे दहा दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार धरून. लोक "बिझनेस डेज" समजतात, किंवा ईमेल स्पॅममध्ये पडून राहते. अकराव्या दिवशी अर्ज बाद. परीक्षा वाया जात नाही, पास झाल्याचा दाखला 365 दिवस चालतो, पण अर्ज पुन्हा पाठवून घ्यावा लागतो. टेक्निशियनवरून नंतर जनरलला गेलात तर हे 35 डॉलर पुन्हा लागत नाहीत.

दाखला हातात आला म्हणून नवख्याने माइक उचलू नये. कॉल साइन, म्हणजे हवेत तुमची ओळख सांगणारं अक्षर-आकड्यांचं नाव, एफसीसीच्या यादीत दिसल्यावरच बोलायचं.

भारतातलं हौशी रेडिओचं, व्हीयू2 किंवा व्हीयू3 कॉल साइनचं लायसन्स घेऊन आलेल्यांना वेगळा फॉर्म न भरता इथे बोलता येतं, दोन्ही देशांत तसा करार आहे. मात्र तुम्ही भारताचे नागरिक असायला हवं. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी ती सवलत संपते, ओसीआय कार्डाचा इथे उपयोग नाही. आणि एफसीसीचं लायसन्स एकदा घेतलंत की त्याच्याच मर्यादेत चालायचं.

सेटसाठी कागद कुठलाच नाही. हौशी बँडवरच्या सेटला एफसीसीचं प्रमाणपत्र लागत नाही, जबाबदारी तुमची. सीबीवर मात्र प्रमाणित सेटच चालतो, आणि बदल केला की ते प्रमाणपत्र गेलं. त्यामुळे "दोन्हीकडे चालेल असं स्विच लावून द्या" म्हणणाऱ्याला मी सेट परत देतो.

कॉल साइनची वाट बघताना ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. सेट 50 ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रोधावर लावून कामही करता येतं. तेवीस चॅनेलवाल्यात क्रिस्टलचा एक गट बदलावा लागतो, चाळीसवाल्यात बहुतेक वेळा पीएलएलच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटच्या भागात हात घालावा लागतो. मग कॉइलच्या आतले फेराइटचे गाभे फिरवायचे. ते मेणाने बसवलेले असतात, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातलात की कट्कन तुकडा पडतो आणि तसा कॉइल आता शोधून सापडत नाही. प्लास्टिकचं अलाइनमेंट टूल घ्या, मेण आधी जरा ऊन करा. आउटपुटजवळ एक ट्रॅप, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारं सर्किट असतं, सीबीची दुप्पट फ्रिक्वेन्सी म्हणजे 54 च्या आसपासचं मारायला. सेट 29 वर आला की ट्रॅप 58 वर आणावा लागतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. गाडीवरची 102 इंची काठीसारखी अँटेना साधारण 97 इंचांवर कापायची. आधी 99 ठेवा, एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेना किती जुळली ते दाखवणारा) बघत थोडी थोडी कापा.