इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स माणसाचा

जीवशास्त्रातल्या कुठल्याही जागेसाठी आलेल्या अर्जांचा गठ्ठा उघडा. दहा-बारा अर्ज चाळेपर्यंत ती ओळ भेटतेच: 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर : ८४.६३७', म्हणजे पेपर ज्या ज्या जर्नलमध्ये छापले त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज. खाली 'सरासरी इम्पॅक्ट फॅक्टर', त्याखाली 'एच-इंडेक्स : ११'. तिन्ही एकाच रकान्यात, जणू उंची, वजन आणि रक्तगट. अर्जदाराला बोल लावून उपयोग नाही. त्याला त्याच्या गाइडने असंच लिहायला शिकवलं, गाइडला त्यांच्या गाइडने. पण समितीत बसलेली जाणती मंडळीही ती बेरीज पाहून 'चांगला आहे हो मुलगा' म्हणतात, तेव्हा मात्र राहवत नाही.

एच-इंडेक्स बहुतेकांना नीट माहीत असतो. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर तो दिसतो आणि आपण तो अधूनमधून पाहतोही, कबूल करा किंवा नका करू. म्हणून फक्त उजळणी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. आपले पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांनी दिलेल्या संदर्भांच्या, उतरत्या क्रमाने लावायचे. ६०, ४१, ३०, १२, ९, ६, ५ अशी रांग असेल, तर सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत, सातव्याला सातही नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ६. पहिल्या पेपरला ६० ऐवजी ६,००० असती तरी उत्तर ६च. ही रांग तुमच्या पेपरांची आहे, सायटेशनही तुमच्याच पेपरांना मिळालेली आहेत. माप कसंही असो, मोजलंय तुम्हालाच.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. एखाद्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या शोधलेखांची आणि रिव्ह्यू लेखांची संख्या. या भागाकारात तुमचा पेपर हा छेदातला फक्त एक असतो. तुमचा पेपर २०१९ चा असेल तर तोही नाही. तुमचा त्या आकड्याशी काडीचा संबंध उरत नाही. तरी बायोडेटात २०१९ च्या पेपरपुढे यंदाचा ताजा आकडा लिहिलेला असतो, कारण यंदा तो वाढलाय. घसरला की लोक जुना लिहितात, हेही पाहिलंय.

मुळात हे माप माणसांसाठी नव्हतंच. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी सायटेशनच्या सूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. या सूचीत कुठली जर्नल घ्यायची हे ठरवायला त्यांना आणि अर्विंग शेर यांना काहीतरी निकष हवा होता. पुढे ग्रंथपालांना तो सोयीचा पडला: पैसे थोडे, जर्नल शेकडो, वर्गणी कुणाची भरायची? या प्रश्नासाठी इम्पॅक्ट फॅक्टर आजही वाईट नाही. 'या उमेदवाराला घ्यायचं का' हा वेगळा प्रश्न आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'जर्नल चांगलं, म्हणजे त्यातला पेपर चांगला. सरासरी आहे ना ती?' सगळा घोळ या 'सरासरी'तच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सरासरी काही सांगते, ती आकडे तिच्या आसपास असतील तेव्हा. माणसांच्या उंचीची सरासरी उपयोगी, कारण कुणी साठ फूट उंच नसतो. सायटेशनमध्ये साठ फुटी माणसं असतात. नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की जर्नलमधल्या सर्वाधिक सायटेशनवाल्या १५ टक्के लेखांकडे निम्मी सायटेशन जातात, आणि वरच्या अर्ध्या लेखांकडे ९० टक्के. उरलेले अर्धे लेख उरलेल्या दहा टक्क्यांवर. २०१६ मध्ये काही संशोधकांनी आणि जर्नलच्या संपादकांनी मिळून अकरा जर्नलचे आकडे सुटे करून मांडले, त्यात 'नेचर' आणि 'सायन्स'ही होती. दोन्हींत सुमारे तीन-चतुर्थांश पेपरांची सायटेशन त्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी निघाली. म्हणजे 'नेचर'मधला कुठलाही पेपर डोळे मिटून उचलला, तर तो 'नेचर'च्या आकड्याला पोचलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे, प्रथिनांची रचना काढणाऱ्यांच्या शेजारच्या घरातलं. 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर वर्षानुवर्षं दोनच्या आसपास. जानेवारी २००८ मध्ये त्यात ग्योटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख आला: 'शेलएक्स' या संगणक-प्रणालीचा छोटासा इतिहास. ही प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा लेख द्यावा, असं त्यातच सुचवलं होतं. स्फटिकांवर काम करणारे जगभरचे लोक ती वापरतात, त्यांनी दिला. २००९ चा इम्पॅक्ट फॅक्टर दोनवरून ४९.९ वर गेला, २०१० चा ५४.३ वर. मग तो लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडला आणि २०११ मध्ये आकडा परत दोनवर.

त्या काळात याच जर्नलमध्ये ज्यांनी पेपर छापला, त्यांचा दर्जा दोन वर्षं पंचवीस पट वाढला होता का? बायोडेटात मात्र '४९.९' लिहायची मुभा होती, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

हाच लेख आता एच-इंडेक्सच्या बाजूने पाहा. हजारो सायटेशन मिळवणाऱ्या या लेखाने खुद्द शेल्ड्रिक यांच्या एच-इंडेक्समध्ये किती भर घातली असेल? फार तर एक. शेजारी छापल्या गेलेल्यांच्या एच-इंडेक्समध्ये शून्य. एकच लेख, एका मापात जर्नलचा आकडा आभाळाला, दुसऱ्यात लेखकाला एक पायरी. ही दोन मापं एकमेकांना पर्याय नाहीत, यासाठी आणखी पुरावा मला तरी लागत नाही.

'पण सर, नेचरमध्ये छापून येणं सोपं आहे का?' नाहीच. संपादकाची चाळण, तीन परीक्षकांचे शेरे, वर्षभर नवे प्रयोग करून दिलेली उत्तरं, याला मोल आहे. पण ते त्या चाळणीचं. इम्पॅक्ट फॅक्टर चाळण किती बारीक आहे हे मोजतच नाही. तसं असतं तर वर्षानुवर्षं यादीच्या माथ्यावर असलेलं 'सीए : अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' सगळ्या विज्ञानात श्रेष्ठ ठरलं असतं. त्याचा २०२० चा आकडा ५०८ होता, कारण कर्करोगाची वार्षिक आकडेवारी त्यात छापून येते आणि कर्करोगावर लिहिणारा जो तो पहिल्या परिच्छेदात तिचा संदर्भ देतो. 'लॅन्सेट'चा आकडा २०२० मध्ये ७९ होता, २०२१ मध्ये २०२ झाला. कारण कोव्हिड.

उलटंही होतं. 'ईलाइफ' या जीवशास्त्राच्या जर्नलने पेपर स्वीकारणं-नाकारणं बंद करून परीक्षकांचे शेरे जाहीर छापायची पद्धत सुरू केली. इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला ती पटली नाही, आणि २०२५ मध्ये 'ईलाइफ'ला इम्पॅक्ट फॅक्टर मिळाला नाही. त्यातल्या जुन्या पेपरांचं एकही सायटेशन कमी झालं नाही. पण भावी पेपर तिथे पाठवायचा की नाही, यावर कितीतरी प्रयोगशाळांत खल झाला असणार.

आपल्याकडे या गोंधळाला सरकारी शिक्काही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतला तक्ता प्राध्यापकांना तोंडपाठ असतो: पेपरच्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर ५ गुण, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. पेपर कुणी वाचला का, त्यातला प्रयोग कुणी करून पाहिला का, याला रकाना नाही. या तक्त्याने शेल्ड्रिक यांच्या शेजाऱ्याला २००८ मध्ये २०, २००९ मध्ये ३० आणि २०११ मध्ये पुन्हा २० गुण मिळाले असते. गुणांची बेरीज करायची सवय लागली की इम्पॅक्ट फॅक्टरचीही बेरीज होते, आणि अर्जात ८४.६३७ अवतरतो. आपण ज्या ज्या शाळांत शिकलो त्यांच्या दहावीच्या निकालांचे टक्के एकत्र करून स्वतःच्या प्रगतिपुस्तकात लिहावेत, तसं आहे हे. आणि ते तीन दशांश! स्वतः क्लॅरिव्हेटने २०२३ पासून एकच दशांश स्थळ ठेवलंय. आपले लोक अजून ३.९ ला '३.९००' लिहितात.

एच-इंडेक्स म्हणजे सोनं, असं मात्र समजू नका. त्याची दुखणी वेगळी आहेत, आणि जीवशास्त्रात ती जास्त जाणवतात.

हिर्श यांनी स्वतःच्या पेपरातच नोंदवलं होतं की जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा फार मोठे असतात. त्यांच्या यादीत मेंदूतली रसायनं अभ्यासणारे सॉलोमन स्नायडर १९१ वर होते, तर भौतिकशास्त्रात सगळ्यांच्या वर असलेले एडवर्ड विटन ११० वर. इतक्या लांबही जायला नको. एकाच विभागात, एकाच जिन्यावर, रोगप्रतिकारशास्त्रवाला आणि वर्गीकरणवाला बसतात. सह्याद्रीत पाली, बेडूक किंवा गोड्या पाण्यातले खेकडे शोधून नव्या जातीचं वर्णन करणाऱ्याचा पेपर पन्नास वर्षांनीही कामाचा असतो, पण त्याची सायटेशन मोजली जात नाहीत. आपल्या साध्या बैलबेडकाचं शास्त्रीय नाव पाहा: होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, कंसात डॉडां, १८०२. ज्याने पहिलं वर्णन केलं त्याचं नाव आणि साल दोन्ही तिथे आहे, पण लेखाच्या शेवटी संदर्भसूचीत डॉडां क्वचितच असतो, आणि सायटेशन मोजणारं यंत्र सूचीच वाचतं. २०२० मध्ये क्लॅरिव्हेटने 'झूटॅक्सा' या वर्गीकरणाच्या सर्वांत मोठ्या जर्नलला स्व-सायटेशन फार, म्हणून यादीतून काढलं होतं. वर्गीकरणवाले जगभरातून तुटून पडले, तेव्हा महिन्याभरात परत घेतलं. ज्या विषयातलं बहुतेक लिखाण एकाच जर्नलमध्ये होतं, तिथे दुसऱ्या कुणाला साइट करायचं?

दुसरं दुखणं लेखकांच्या क्रमाचं. आमच्याकडे पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. मधल्या नावांत खरं काम केलेलेही असतात आणि फक्त नमुना पाठवलेलेही. एच-इंडेक्सला सगळे सारखेच. जनुकसंचाच्या एखाद्या जागतिक प्रकल्पात शंभरावं नाव असलेल्यालाही त्या पेपराचं पूर्ण माप मिळतं. शिवाय एच-इंडेक्स कधी खाली येत नाही. निवृत्तीनंतरही वाढत राहतो. म्हणून तिशीतल्या आणि पंचावन्नाव्या वर्षातल्या उमेदवाराचे एच-इंडेक्स शेजारी ठेवणं म्हणजे निव्वळ वयाचे दाखले तपासणं.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सेवा तुम्हाला तीन वेगळे एच-इंडेक्स देतील. गूगल प्रबंध आणि प्रीप्रिंटही (परीक्षणाआधीच जाहीर केलेले पेपर) मोजतं, म्हणून त्याचा सहसा सर्वांत मोठा. कुठला लिहिलाय ते लिहा, विषय संपला. पाटील, जोशी, कुलकर्णी आडनावांच्या लोकांनी मात्र आपली प्रोफाइल एकदा डोळ्यांखालून घालावी. दुसऱ्याच एखाद्या 'एस. पाटील'चे पेपर तिथे सुखाने नांदत असतात. ऑर्किडचा (ORCID) संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक घेतला असेल तर हा घोळ कमी होतो. आय-टेन, साइटस्कोर, पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर या आणखी काही मापांतले फरक महत्त्वाचे नाहीत, त्यांवर घसा कोरडा करू नका. आणि 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'इंटरनॅशनल' असं विशेषण लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर दिसला, तर तो इम्पॅक्ट फॅक्टरच नाही. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलना आकडे वाटणाऱ्या दुकानांचा तो माल आहे.

मला विचाराल तर दोन्ही आकडे शेवटी पाहावेत. अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून २०१२ मध्ये निघालेला जाहीरनामा, ज्याला सगळे डोरा म्हणतात, तेच सांगतो: पेपराचा किंवा माणसाचा दर्जा जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका. उमेदवाराला त्याचे तीनच पेपर निवडायला लावा, प्रत्येकात त्याने नेमकं काय केलं ते चार ओळींत लिहायला सांगा, आणि समितीतल्या निदान एकाने ते खरोखर वाचावेत. मग एच-इंडेक्स पाहा, त्याच विषयातल्या, त्याच वयाच्या लोकांशी ताडून.

अर्जाच्या छापील नमुन्यात इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना असेलच तर भरा. तक्रार करून नोकरी मिळत नाही. प्रत्येक पेपरपुढे जर्नलचा आकडा, एक दशांशापर्यंत, आणि तो कुठल्या वर्षाचा ते. 'एकूण' या चौकटीत आडवी रेघ मारा.